गेटपासून परीक्षेच्या बाकापर्यंत : कॉलेज सर्वांना वापरता यावं म्हणून करायची कामं

सुरगाण्याहून एसटीने नाशिकच्या कॉलेजात येणारा अंध विद्यार्थी आणि गंगापूर रोडवरच्याच एखाद्या सोसायटीतून व्हीलचेअरवर येणारी विद्यार्थिनी, या दोघांचा कॉलेजातला एक दिवस कागदावर मांडून पाहा. बसथांबा, गेट, आवारातला रस्ता, इमारतीच्या पायऱ्या, वर्गाचा उंबरठा, स्वच्छतागृह, ग्रंथालय, कार्यालयाची खिडकी. त्याच्या जोडीला भिंतीत नसलेली दारं: प्रवेशाचा ऑनलाइन अर्ज, वेळापत्रकाची पीडीएफ, वर्गाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर पडलेला सूचनाफलकाचा फोटो, परीक्षा अर्ज. ही सगळी दारं एकाच वाटेवर आहेत. त्यातलं एक अडलं की पुढची उघडी असून उपयोग होत नाही. उत्तम रॅम्प बांधला आणि त्याच्या माथ्यावर कोलॅप्सिबल गेटची दीड इंच उंच पट्टी तशीच राहिली, तर रॅम्पचा सगळा खर्च त्या दीड इंचापाशी थांबतो.

म्हणून इथे वस्तूंची यादी न देता वाटेच्या क्रमाने जाऊ. मापं मिलिमीटरमध्ये आहेत, कारण मार्गदर्शक नियमावली तशीच आहे. गवंड्याशी आणि फॅब्रिकेटरशी बोलताना फूट-इंच लागतात, तिथे तेही दिले आहेत.

कायदा आणि निविदेतली एक ओळ

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम 2016 हा 19 एप्रिल 2017 पासून लागू आहे. त्यात 21 प्रकारचं दिव्यांगत्व धरलं आहे. कलम 32 नुसार शासकीय आणि अनुदानित उच्च शिक्षण संस्थांत 40 टक्के किंवा त्याहून अधिक दिव्यांगत्व असलेल्यांसाठी किमान 5 टक्के जागा आणि वयोमर्यादेत 5 वर्षांची सवलत आहे. कलम 16 इमारत आणि परिसर सुगम्य ठेवायला सांगतं, शिवाय त्या-त्या विद्यार्थ्याच्या गरजेप्रमाणे सोय करून द्यायलाही सांगतं. हा दुसरा भाग बऱ्याच कार्यालयांत वाचलाच जात नाही. राजीव रतुरी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 8 नोव्हेंबर 2024 रोजी स्पष्ट केलं की सुगम्यतेचे किमान निकष केवळ शिफारशी म्हणून ठेवता येणार नाहीत, ते बंधनकारक हवेत.

कामापुरते दस्तऐवज तीन. इमारतीसाठी केंद्राच्या गृहनिर्माण व नागरी व्यवहार मंत्रालयाची 2021 ची हार्मोनाइज्ड गाइडलाइन्स, उच्च शिक्षण संस्थांसाठी यूजीसीची 2022 ची सुगम्यता मार्गदर्शक तत्त्वं, आणि संकेतस्थळ-सॉफ्टवेअरसाठी भारतीय मानक आयएस 17802. निविदेत 'नियमाप्रमाणे रॅम्प करणे' एवढंच लिहिलं तर ठेकेदार त्याच्या सवयीचा रॅम्प करून देतो आणि नंतर भांडायला आधार उरत नाही. दस्तऐवजाचं नाव, वर्ष, उतार, रुंदी, कठड्याची उंची आणि पृष्ठभाग हे सगळं निविदेत लिहा. शेवटचं बिल निघण्याआधी व्हीलचेअरवरच्या व्यक्तीकडून चाचणी होईल, अशी अट घाला.

पाहणी: दोन फेऱ्या, सात माणसं

पाहणीला इंजिनिअर एकटा नको. व्हीलचेअर वापरणारी एक व्यक्ती, पांढऱ्या काठीने चालणारी एक, अल्पदृष्टी असलेली एक, एक कर्णबधिर विद्यार्थी, कॉलेजचा इंजिनिअर किंवा बांधकाम पाहणारे सर, कार्यालयातला एक कर्मचारी आणि शिपाई. शिपाई हवेतच, कारण कुठलं दार कुलूपबंद असतं, किल्ली कुणाकडे असते आणि लिफ्ट कधी बंद ठेवतात हे त्यांनाच ठाऊक असतं. कॉलेजात सध्या अंध विद्यार्थी नसेल तर बाहेरून बोलवा. नॅब महाराष्ट्र ही संस्था नाशिकमध्येच आहे. 'आमच्याकडे असे विद्यार्थी येतच नाहीत' असं म्हणून थांबणाऱ्या कॉलेजांनी आपलं गेट आणि आपला अर्ज आधी तपासावा. न येण्याचं कारण बहुतेक तिथेच सापडतं.

साहित्य साधं: 5 मीटरची टेप, पाणसळ म्हणजे स्पिरिट लेव्हल, चार फुटी सरळ अॅल्युमिनियम पट्टी, सामान तोलायचा हुकाचा वजनकाटा आणि मोबाइल.

उतार मोजायची गवंडी पद्धत: चार फुटी पट्टीचं एक टोक रॅम्पच्या वरच्या बाजूला टेकवा, पाणसळ मध्यावर ठेवून पट्टी सपाट धरा आणि दुसऱ्या टोकाखालची फट मोजा. फट 4 इंच म्हणजे उतार 1:12, म्हणजे दर 12 इंच लांबीला 1 इंच चढ. फट त्याहून जास्त असेल तर रॅम्प नापास. मोबाइलच्या कोनमापकावर 1:12 म्हणजे सुमारे 4.8 अंश आणि 1:20 म्हणजे 2.9 अंश. 7 अंशांच्या पुढे आकडा गेला तर तो रॅम्प सामान चढवायचा आहे, माणसाचा नाही.

दाराचा जोर मोजायला हुकाचा काटा मुठीला अडकवून ओढा. दार हलायला सव्वादोन किलोपेक्षा जास्त जोर लागत असेल तर दार आपोआप मिटवणाऱ्या क्लोजरचा स्क्रू सैल करा. हे पाच मिनिटांचं काम आहे, पण ते न केल्यामुळे मुलं दारात कुणाची तरी वाट पाहत उभी राहतात.

पाहणी एकदा सकाळी साडेसातला आणि एकदा दुपारी बाराला करा. सकाळी मोकळा असलेला रॅम्प दुपारी दुचाक्यांनी भरलेला असतो.

गेट आणि आवार

गेटवर दुचाक्या अडवायला लोखंडी खांब किंवा फिरतं फाटक लावलेलं असतं. दोन खांबांमध्ये किमान 900 मिमी, शक्यतो 1200 मिमी मोकळी जागा ठेवा. दिव्यांगांच्या गाडीसाठी पार्किंगची जागा 3600 × 5000 मिमी आणि प्रवेशद्वारापासून 30 मीटरच्या आत हवी. बाजूला जोड-चाकं लावलेली स्कूटर नाशिकमध्ये बरेच दिव्यांग विद्यार्थी वापरतात. ती नेहमीच्या दुचाकीच्या पट्ट्यात मावत नाही, म्हणून तिची जागा वेगळी आखा.

पेव्हर ब्लॉकचा रस्ता दोन पावसाळ्यांत खचतो. ब्लॉक टिकवायचे असतील तर कडेला काँक्रीटची कर्ब आणि खाली नीट दाबलेला थर लागतो. नाहीतर पायी रस्त्यापुरती 1500 मिमी रुंदीची काँक्रीटची सलग पट्टी घाला, ती जास्त टिकते. गटारावरच्या जाळीच्या फटी 12 मिमीपेक्षा मोठ्या नकोत आणि जाळीच्या पट्ट्या चालण्याच्या दिशेला आडव्या हव्यात. उभ्या बसवल्या तर व्हीलचेअरचं पुढचं छोटं चाक आणि काठीचं टोक दोन्ही अडकतात. रस्त्यावर झुकलेल्या फांद्या 2100 मिमीच्या वर छाटून घ्या.

पिवळ्या स्पर्शफरशांबद्दल सविस्तर, कारण चुका इथे सर्वांत जास्त होतात. फरशी 300 × 300 मिमीची असते. उभ्या रेघांची फरशी 'असं पुढे चला' सांगते आणि ठिपक्यांची फरशी 'थांबा, इथे काहीतरी बदलतंय' सांगते. पायऱ्यांच्या सुरुवातीला आणि शेवटी, रॅम्पच्या दोन्ही टोकांना, वळणावर आणि दारासमोर ठिपके, बाकी वाटेवर रेघा. शोभेसाठी आलटून पालटून लावल्या तर त्या खोटं सांगतात, आणि खोटी खूण नसलेल्या खुणेपेक्षा धोकादायक असते. पट्ट्याच्या दोन्ही बाजूंना 600 मिमीपर्यंत खांब, कुंडी, बाक काहीही नको. सबंध आवार पिवळं करायची गरज नाही. गेट ते मुख्य इमारत, तिथून ग्रंथालय आणि स्वच्छतागृह, एवढी एक वाट अखंड करा.

रॅम्प

हिशोब आधी. तीन पायऱ्या, प्रत्येकी 6 इंच, म्हणजे चढ 18 इंच म्हणजेच साधारण 450 मिमी. 1:12 ने रॅम्पची लांबी 5400 मिमी, सुमारे 18 फूट. वर आणि खाली 1500 × 1500 मिमीची सपाट जागा धरली की एकूण 8.4 मीटर लागतात. 1:15 ने नुसता रॅम्पच 6.75 मीटर होतो, पण हाताने व्हीलचेअर ढकलणाऱ्याला तो फरक खांद्यात जाणवतो. जागा असेल तर 1:15 घ्याच. चढ 750 मिमीच्या पुढे गेला तर मध्ये सपाट विसावा हवा. सरळ जागा नसेल तर इंग्रजी यू आकाराचा रॅम्प करा, मात्र वळणाची जागाही सपाटच हवी. तिरक्या वळणावर व्हीलचेअर एका बाजूला ओढली जाते.

रुंदी किमान 1200 मिमी, शक्यतो 1500. दोन्ही बाजूंना कठडा, दोन उंचीवर: एक दांडी 700 ते 760 मिमीवर, दुसरी 850 ते 900 मिमीवर. पाइप 38 ते 45 मिमी जाडीचा, म्हणजे बाहेरून मोजून दीड इंच भरणारा पाइप बरोबर बसतो. भिंतीपासून पाइपपर्यंत किमान 50 मिमी फट. दोन्ही टोकांना दांडी 300 मिमी पुढे न्या आणि टोक खाली किंवा भिंतीकडे वळवा, नाहीतर ओढणी-दप्तर अडकतं. अंबड-सातपूरच्या कुठल्याही फॅब्रिकेटरला हे काम सहज जमतं, फक्त चित्र काढून मापं लिहून द्या. तोंडी सांगितलं की जिन्याचा ठरलेला कठडा येतो. रॅम्पच्या मोकळ्या कडेला उंचवट्याची किनार ठेवा, त्याने चाक घसरून खाली जात नाही.

पृष्ठभागावर ग्रॅनाइट किंवा चकचकीत टाइल नको, घासून गुळगुळीत केलेला कडाप्पाही नको. काँक्रीट ओलं असताना उताराला आडव्या अशा खराट्याच्या रेघा ओढा, तोच सर्वांत स्वस्त आणि टिकाऊ उपाय. नाशिकच्या मे महिन्याच्या उन्हात ताजं काँक्रीट लवकर सुकतं आणि भेगाळतं. म्हणून ओली पोती टाकून किमान दहा दिवस पाणी मारा. ठेकेदार चौथ्या दिवशी पाणी बंद करतो, तिथे लक्ष ठेवा.

रॅम्पच्या पायथ्याशी पाणी साचलं तर जूनमध्ये तो बंद पडल्यातच जमा. खालच्या सपाट जागेला बाहेरच्या बाजूने 1:50 चा सौम्य निचरा द्या. माथ्यावरचा उंबरठा 12 मिमीपेक्षा उंच नको आणि त्याची कड तिरकी घासलेली हवी. कोलॅप्सिबल गेटची खालची पट्टी फरशीत खाचा पाडून समतल बसवता येते. ते लगेच जमत नसेल तर दोन्ही बाजूंनी चेकर्ड प्लेटचा छोटा उतार वेल्ड करून घ्या.

लाकडी फळी किंवा सुटा पत्रा टाकून 'तात्पुरता रॅम्प' करू नका. तो वजनाखाली सरकतो. आणि चार जणांनी व्हीलचेअर उचलून पायऱ्या चढवणं ही सोय म्हणून मोजू नका. त्यात पडण्याचा धोका आहे आणि बसलेल्या माणसाचा रोजचा अपमान आहे.

स्वच्छतागृह

हे नसलं की विद्यार्थिनी सकाळपासून पाणी पीत नाहीत आणि दुपारचे तास सोडून घरी जातात. पैसे एकाच कामाला पुरणार असतील तर लिफ्टच्या आधी तळमजल्यावरचं स्वच्छतागृह घ्या.

खोली आतून 2000 × 2200 मिमी. दार बाहेर उघडणारं किंवा सरकतं, मोकळी रुंदी 900 मिमी. आत उघडणारं दार नको, कारण कुणी आत पडलं तर दार अडतं. कमोडची बैठक 450 ते 480 मिमी उंच, बाजूच्या भिंतीपासून कमोडचा मध्य 450 ते 500 मिमी. दुसऱ्या बाजूला 900 मिमी मोकळी जागा, जिथे व्हीलचेअर लावून शेजारी सरकता येईल. ठेकेदार कमोड नेमका खोलीच्या मध्यभागी बसवतात. मग भिंतीचा आधारही मिळत नाही आणि शेजारी जागाही उरत नाही. प्लंबर यायच्या आधी फरशीवर खडूने आखून द्या.

भिंतीच्या बाजूला पक्की दांडी, मोकळ्या बाजूला वर उचलता येणारी दांडी, दोन्ही बैठकीपासून सुमारे 200 मिमी वर. भिंत चार इंची किंवा हलक्या ब्लॉकची असेल तर साध्या प्लगवर दांडी टिकत नाही. आरपार बोल्ट घेऊन मागे लोखंडी पट्टी द्या. उद्घाटनाआधी एका धडधाकट माणसाने दांडीला पूर्ण वजन देऊन लोंबकळून पाहावं.

बेसिनची वरची कड 750 ते 850 मिमीवर, खाली गुडघे जातील अशी मोकळी जागा, म्हणजे खांबावरचं बेसिन नको. नळ दांडीचा, जेट कमोडवर बसून हाताला येईल असा. मदतीच्या घंटेची दोरी जमिनीपासून 300 मिमीपर्यंत खाली सोडा. पडलेल्या माणसाचा हात तिथवरच पोचतो. घंटा वाजली की कुणी धावायचं, हे नावानिशी ठरवा.

आता सर्वांत सामान्य बिघाड: या खोलीत झाडू, बादल्या आणि जुन्या उत्तरपत्रिकांचे गठ्ठे ठेवलेले असतात, कुलूप असतं आणि किल्ली स्टाफरूममध्ये असते. कुलूप काढा. झाडूला दुसरं कपाट द्या. मुक्त विद्यापीठाचं अभ्यासकेंद्र तुमच्या कॉलेजात असेल तर सुट्टीच्या दिवशीही हे स्वच्छतागृह उघडं राहील, हे पाहा.

लिफ्ट नसेल तर वेळापत्रक

लिफ्ट असेल तर तिचं दार 900 मिमी मोकळं, बटणं जमिनीपासून 900 ते 1200 मिमीच्या पट्ट्यात, त्यांवर ब्रेल आणि उठावाचे आकडे, मजल्याची घोषणा मराठीत, समोरच्या भिंतीवर आरसा. व्हीलचेअर उलटी बाहेर काढताना मागचं दिसावं म्हणून तो आरसा असतो. 'फक्त कर्मचाऱ्यांसाठी' ही पाटी काढून टाका.

जुन्या दगडी इमारतीत लिफ्ट बसवायला परवानग्या आणि पैसे दोन्ही लागतात, त्यात वर्षं जातात. तोवर थांबायचं कारण नाही. प्रवेशाच्या वेळी नोंद घ्या आणि ज्या तुकडीत चालायला त्रास असलेला विद्यार्थी आहे, ती सबंध तुकडी तळमजल्यावर आणा. त्या एकट्याला खाली बसवून बाकी वर्ग वर, असं करू नका. यात वीट लागत नाही, फक्त वेळापत्रक करणाऱ्या सरांपर्यंत यादी जूनमध्ये पोचावी लागते. प्रयोगशाळा हलवता येत नसेल तर त्या प्रयोगांचा एक संच खालच्या खोलीत मांडा. एक टेबल 750 ते 800 मिमी उंचीचं आणि खाली गुडघ्यांना जागा असलेलं करून घ्या.

वर्गात पहिल्या रांगेतला एक बाक काढून 900 × 1200 मिमी जागा मोकळी ठेवा. कर्णबधिर मुलांसाठी शिक्षकाच्या चेहऱ्यावर उजेड हवा. खिडकीला पाठ करून उभं राहिलं की ओठ काळोखात जातात. फळ्याकडे तोंड करून बोलणं टाळा. अँड्रॉइडवरचं लाइव्ह ट्रान्सक्राइब हे मोफत अॅप मराठी बोलणं अक्षरांत दाखवतं. शिक्षकांच्या कॉलरला माइक लावला तर ते बरंच बरोबर चालतं, शेवटच्या बाकावरून पंख्याच्या आवाजात चालत नाही. इंग्रजी-मराठी मिश्र बोलण्यात पारिभाषिक शब्द चुकतात, म्हणून त्या तासाच्या संज्ञा आधी फळ्यावर लिहा.

खोल्यांच्या पाट्या दाराच्या मुठीकडच्या भिंतीवर, 1400 ते 1600 मिमी उंचीवर, मंद पृष्ठभागाच्या, उठावाच्या अक्षरांच्या आणि मराठी ब्रेलच्या. बसवण्याआधी ब्रेल वाचणाऱ्याकडून वाचून घ्या. उलट्या बसवलेल्या ब्रेल पाट्या डोळस माणसाच्या लक्षात येत नाहीत.

सूचना, पीडीएफ आणि फॉन्टचा प्रश्न

आपल्या कॉलेजांमधला सर्वांत मोठा डिजिटल अडथळा मराठी फॉन्टचा आहे. कार्यालयात वर्षानुवर्षं श्रीलिपी, कृतिदेव अशा जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये टंकलेखन होत आलं. पडद्यावर ते मराठी दिसतं, पण आत इंग्रजी अक्षरांचे कोड असतात. पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारा स्क्रीन रीडर कोड वाचतो, त्यामुळे अंध विद्यार्थ्याला चिन्हांचा चिवडा ऐकू येतो. तपासायची युक्ती: पीडीएफमधला एक परिच्छेद कॉपी करून नोटपॅडमध्ये पेस्ट करा. मराठी उमटली तर युनिकोड (सगळीकडे सारखे चालणारे अक्षरांचे कोड), चिन्हं उमटली तर जुना फॉन्ट, काहीच निवडता आलं नाही तर ते नुसतं चित्र आहे.

उपाय या क्रमाने:

1. कार्यालयातल्या प्रत्येक संगणकावर युनिकोड मराठी कळफलक सुरू करा. इनस्क्रिप्ट ही त्याची मांडणी शिकायला दोन आठवडे लागतात. टंकलेखकाची जुनी सवय मोडत नसेल तर त्याच मांडणीत युनिकोड देणारी साधनं आहेत, ती वापरा. लेखनाची पद्धत तीच राहिली तरी चालेल, फाइल युनिकोड हवी.

2. जुने नमुने, फॉन्ट युनिकोडमध्ये बदलणाऱ्या परिवर्तकातून काढा, मग माणसाकडून वाचून घ्या. रफार, ऱ्हस्व वेलांटी आणि जोडाक्षरं हमखास बिघडतात.

3. वर्डमध्ये शीर्षकं नुसती ठळक न करता हेडिंग 1, हेडिंग 2 या शैली लावा. चित्राला पर्यायी मजकूर लिहा. रिव्ह्यू टॅबमधली सुगम्यता तपासणी चालवा.

4. पीडीएफ करताना 'प्रिंट' मार्गाने जाऊ नका, त्यात रचना पुसली जाते. 'सेव्ह अॅज' मधून पीडीएफ निवडा आणि ऑप्शन्समध्ये सुगम्यतेसाठी रचनेच्या खुणा ठेवायचा पर्याय चालू आहे ना, ते पाहा.

5. युनिकोड पीडीएफमध्येही देवनागरी अक्षरांचा क्रम कधीकधी उलटसुलट होतो, वेलांटी अक्षराच्या आधी जाते. म्हणून महत्त्वाच्या सूचनेचा मजकूर संकेतस्थळाच्या पानावरच टाका आणि पीडीएफ जोडीला ठेवा.

सही-शिक्क्याशिवाय सूचना अधिकृत वाटत नाही, हे कार्यालयाचं म्हणणं खरं आहे. तर स्कॅन प्रत जरूर टाका, पण वर तोच मजकूर अक्षरांत द्या. व्हॉट्सअॅपवरही तसंच: फलकाचा फोटो टाकलात तर खाली चार ओळी टंकून तारीख, वेळ, खोली लिहा.

वेळापत्रकाचा तक्ता विशेष त्रासाचा. प्रात्यक्षिकासाठी दोन-तीन चौकोन एकत्र केलेले असतात, तिथे स्क्रीन रीडरचा रांग-स्तंभाचा हिशोब चुकतो. तक्त्याच्या खाली तेच वारानुसार साध्या ओळींत द्या: 'सोमवार, 8 वाजता, मराठी, खोली 12'. असं वेळापत्रक मोबाइलवर वाचणं बाकी सगळ्या विद्यार्थ्यांनाही सोपं जातं.

संकेतस्थळ आणि ऑनलाइन अर्ज

माउस काढून ठेवा आणि फक्त टॅब, एंटर आणि बाणांच्या कळांनी प्रवेश अर्ज भरून पाहा. आपण कुठल्या रकान्यात आहोत ते दिसलं पाहिजे. जन्मतारीख हाताने टंकता आली पाहिजे, कारण बऱ्याच कॅलेंडर-चौकटी माउसशिवाय उघडतच नाहीत. मग एनव्हीडीए लावून तोच अर्ज पुन्हा भरा. एनव्हीडीए हा विंडोजचा मोफत स्क्रीन रीडर आहे, कंट्रोल-ऑल्ट-एन ने सुरू होतो आणि इन्सर्ट-क्यू ने बंद होतो. वेबपानावर एच दाबत गेलं की शीर्षकं, एफ ने अर्जाचे रकाने, जी ने चित्रं ऐकू येतात. रकान्यात आल्यावर नुसतं 'एडिट' ऐकू आलं आणि नाव आलं नाही, तर त्या रकान्याला लेबल जोडलेलं नाही.

विकसकाकडून काय मागायचं: डब्ल्यूसीएजी 2.1 या संकेतस्थळ-सुगम्यतेच्या आंतरराष्ट्रीय निकषांची डबल ए पातळी. त्यातलं रोज लागणारं इतकंच: अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्यातला विरोध किमान 4.5:1; चूक नुसती लाल रंगात न दाखवता शब्दांत सांगणं; सत्र संपायच्या आधी सूचना आणि वेळ वाढवायची सोय; 200 टक्के मोठं केल्यावरही मजकूर न कापला जाणं; पानाची भाषा मराठी अशी कोडमध्ये नोंदवणं. ती नोंद नसेल तर स्क्रीन रीडर इंग्रजी आवाजात मराठी उच्चारायला जातो आणि काही समजत नाही. चित्रातली अक्षरं ओळखायला लावणारा कॅप्चा काढून टाका, ओटीपी पुरतो. मुख्य पानावरच्या सूचनांची सरकती पट्टी थांबवता आली पाहिजे, त्यापेक्षा साधी यादी बरी.

कोपऱ्यात व्हीलचेअरचं चिन्ह आणून देणारी तयार पट्टी काही कंपन्या विकतात. तिने अक्षर मोठं होतं, रंग बदलतो, पण रकान्याला लेबल येत नाही आणि स्कॅन वाचलं जात नाही. तो पैसा अर्ज दुरुस्त करण्यावर घाला.

संगणक कक्ष आणि ग्रंथालय

रोज बंद केल्यावर मूळ स्थितीला जाणाऱ्या संगणकांवर एनव्हीडीए बसवलेला पुसला जातो. तो संगणक ज्या मूळ प्रतीवरून (डिस्क इमेज) पूर्ववत होतात तिच्यातच घाला किंवा त्याची पेन ड्राइव्हवर चालणारी प्रत विद्यार्थ्याला द्या. मराठीसाठी त्याच्याबरोबर येणाऱ्या ई-स्पीक या आवाजात मराठी निवडावी लागते. आवाज यांत्रिक आहे, सवयीला आठवडा जातो. मोबाइलवर टॉकबॅक हा अँड्रॉइडचा स्क्रीन रीडर आणि गुगलचा मराठी आवाज जास्त सहज वाटतो, म्हणून नवशिक्याला तिथून सुरुवात करू द्या. हेडफोन ग्रंथालयाने ठेवावेत.

छापील पुस्तकासाठी सपाट स्कॅनरवर 300 डीपीआयने पानं घ्या. गुगल ड्राइव्हमधली फाइल डॉक्समध्ये उघडली की मराठी अक्षरं ओळखली जातात. टेसरॅक्ट या मोफत साधनातही मराठी आहे. फिकट छपाई आणि दोन स्तंभांची पानं यात चुका जास्त होतात. परीक्षेच्या पुस्तकाचा मजकूर दुसऱ्या विद्यार्थ्याने एकदा वाचलेला असावा. कॉपीराइटची भीती बाळगू नका: 2012 च्या दुरुस्तीनंतर दिव्यांग व्यक्तींसाठी सुगम्य प्रत करायला कायद्यात मुभा आहे. स्कॅन करण्याआधी सुगम्य पुस्तकालय या ऑनलाइन ग्रंथालयात शोधा, ते 2016 पासून चालू आहे आणि त्यात भारतीय भाषांतली पुस्तकं आहेत.

गणिताची समीकरणं चित्र म्हणून चिकटवू नका. वेबपानावर मॅथएमएल या समीकरणं लिहायच्या पद्धतीत दिलेलं समीकरण एनव्हीडीए वाचू शकतो.

परीक्षा

केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांनुसार दर तासाला किमान 20 मिनिटं जादा वेळ द्यायचा आहे. 3 तासांच्या पेपरला 1 तास, 1 तासाच्या अंतर्गत चाचणीला 20 मिनिटं. विद्यापीठाच्या पेपरला हे पाळलं जातं आणि अंतर्गत चाचणीत विसरलं जातं. मूडल या ऑनलाइन शिक्षणाच्या सॉफ्टवेअरवर चाचणी असेल तर क्विझच्या ओव्हरराइड्समध्ये त्या विद्यार्थ्याचं नाव घालून 60 ऐवजी 80 मिनिटं करा, आणि बंद होण्याची वेळही पुढे न्या. फक्त कालावधी वाढवला तर चाचणी ठरल्या वेळी बंद होते.

11 फेब्रुवारी 2021 च्या विकास कुमार प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 40 टक्क्यांहून कमी दिव्यांगत्व असूनही लिहिण्यात अडचण असणाऱ्याला लेखनिकाचा हक्क मान्य केला. त्यानंतर 10 ऑगस्ट 2022 रोजी अशांसाठी वेगळ्या सूचना आल्या. कार्यालयाने 'टक्के भरत नाहीत' एवढ्यावर अर्ज परत करू नये.

लेखनिकाची भेट पेपरच्या आधी दोन दिवस घडवा. हिशेबशास्त्राला तक्ते आखता येणारा, विज्ञानाला चिन्हं ओळखणारा लेखनिक लागतो, नुसतं सुंदर अक्षर पुरत नाही. खोली तळमजल्यावर, वेगळी, कारण दोघं मोठ्याने बोलणार असतात. स्वतंत्र पर्यवेक्षकाला जादा वेळेची नोंद लेखी द्या, नाहीतर घंटा झाली की उत्तरपत्रिका ओढली जाते. अर्जाचा नमुना आणि मुदत विद्यापीठाच्या चालू परिपत्रकावरून घ्या आणि सत्र सुरू होतानाच विद्यार्थ्याला कळवा.

कामाचं वर्षचक्र

जून-जुलैत प्रवेशाबरोबर गरजांची नोंद, तुकड्यांच्या खोल्या, अर्जाची चाचणी. पावसाळ्यात पाहणी, कारण पाणी कुठे साचतं आणि काय निसरडं होतं ते तेव्हाच दिसतं. दिवाळीच्या सुट्टीत स्वच्छतागृह. जानेवारीत अंदाजपत्रक आणि निविदा. एप्रिल-मेमध्ये रॅम्प, रस्ता, फरशा, म्हणजे पहिल्या मोठ्या पावसाआधी काँक्रीट पक्कं होतं.

दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी एका कर्मचाऱ्याने वही घेऊन वीस मिनिटं फिरावं: रॅम्पवर गाड्या आहेत का, स्वच्छतागृह उघडं आहे का, घंटा वाजते का, दांडी हलते का, लिफ्ट बोलते का, गेल्या महिन्यातल्या शेवटच्या पाच सूचना कॉपी करून नोटपॅडमध्ये मराठीत उमटतात का. वहीत तारीख, बिघाड, कुणाला कळवलं आणि कधी दुरुस्त झालं, हे चार रकाने ठेवा. वही समान संधी केंद्राच्या प्रमुखांच्या टेबलावर असू द्या, आणि दिव्यांग विद्यार्थ्यांनाही तिच्यात नोंद करता येऊ द्या. लिहिता न येणाऱ्याची नोंद फोनवरच्या ध्वनिसंदेशाने घ्या आणि त्याच दिवशी वहीत उतरवा.